जे नेले आणि जे उरले : बुऱ्हाणपूरचे एक वाचन

२०२५ सालच्या मार्च महिन्यात असीरगडाच्या पायथ्याची शेते रात्री खणली जात होती. माणसांच्या हातात कुदळी, फावडी आणि चाळण्या होत्या, कपाळावर विजेऱ्या बांधल्या होत्या, काहींनी धातुशोधक यंत्रेही आणली होती. महामार्गाच्या कामात निघालेली माती तेथील शेतांत येऊन पडली होती आणि तिच्यात मोगलांच्या सोन्याच्या मोहरा मिळाल्या अशी आवई उठली होती. त्याच्या काही आठवडे आधी, फेब्रुवारीत, ‘छावा’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला होता. शिवाजी सावंतांच्या मराठी कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट मराठ्यांच्या बुऱ्हाणपूरवरील छाप्याने सुरू होतो. पडद्यावरचा खजिना आणि शेतातली माती यांची गाठ लोकांच्या मनात पडली. अखेर बंदोबस्त ठेवून हे खोदकाम थांबवावे लागले.

या प्रसंगाला हसून पुढे जाणे सोपे आहे. परंतु ज्याला साहित्य आणि समाज यांच्या संबंधाविषयी आस्था आहे, त्याने येथे जरा थांबले पाहिजे. एखाद्या कलाकृतीतील शहराची प्रतिमा इतक्या थेटपणे त्या शहराच्या जमिनीत उतरल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही. ती प्रतिमा काय आहे, ती कोठून आली आणि तिच्यामुळे काय दिसेनासे झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो बुऱ्हाणपूरच्या मराठी वाचकाला विशेष जवळचा आहे. ज्यांनी छापा घातला ते आपले होते आणि ज्यावर छापा पडला ते शहरही आपलेच आहे. ही दुहेरी नाती सांभाळताना आपण बहुधा एकच निवडतो आणि दुसऱ्याविषयी मौन पाळतो.

बुऱ्हाणपूरविषयी बाहेरच्या जगाला साधारणपणे दोन गोष्टी ठाऊक असतात. पहिली, संभाजी महाराजांच्या काळी मराठ्यांनी हे शहर लुटले. दुसरी, मुमताजमहल येथे मरण पावली आणि ताजमहाल येथे व्हायचा तो आग्र्याला झाला. दुसऱ्या गोष्टीतील पूर्वार्ध निखळ इतिहास आहे. १६३१ सालच्या जून महिन्यात मुमताज येथे बाळंतपणात वारली, तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत, आहुखान्याच्या परिसरात, तिला तात्पुरते पुरण्यात आले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिचा देह आग्र्याकडे नेण्यात आला. उत्तरार्ध मात्र हळहळीतून वाढलेली दंतकथा आहे. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या की त्यांच्यातील साम्य लक्षात येते. दोहोंमध्येही महत्त्वाचे आहे ते या शहरातून नेले गेलेले. एकीत सोने गेले, दुसरीत सम्राज्ञीचा देह गेला. बुऱ्हाणपूर लक्षात राहिले ते एक रिकामी जागा म्हणून, जिथून मोलाचे काहीतरी उचलले गेले त्या कोनाड्यासारखे. जे उरले, जे आजही उन्हापावसात उभे आहे, त्याला या दोन्ही कथांमध्ये स्थान नाही.

लुटीची कथा समजून घ्यायची तर आधी येथे संपत्ती कशामुळे आली ते पाहिले पाहिजे. इ. स. १४०० च्या सुमारास नासिरखान फारुकी याने हे शहर वसवले आणि खुलताबादला चिरविश्रांती घेत असलेल्या शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचे नाव त्याला दिले. पैलतीरावरच्या झैनाबादचे नावही तेथीलच शेख झैनुद्दीनवरून आले. शहराचा जन्मच असा महाराष्ट्रातील एका कबरीशी बांधलेला आहे. पण त्याची भरभराट बांधलेली होती ती तापीशी. तापी येथून पश्चिमेला वाहत जाते आणि जिथे ती समुद्राला मिळते तिथे सुरत आहे. बुऱ्हाणपूरला समुद्र नाही, तरी बंदराच्या व्यवहारात त्याचा वाटा मोठा होता. उत्तर हिंदुस्थान आणि दख्खन यांच्यामधला राजमार्ग आणि सुरतेकडे जाणारी वाट येथे एकमेकींना मिळत. सुरतेला उतरलेला परदेशी मोगल दरबाराकडे निघाला की पुष्कळदा याच वाटेने येई. १६१५ साली इंग्रज वकील टॉमस रो असाच सुरतेहून येथे आला आणि शाहजादा परवेझ याला भेटला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये आला. येथले तलम, पारदर्शक कापड आणि त्यावरील जरीकाम इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंडपर्यंत जाते, अशी नोंद त्याने केली. सुरत हे या व्यवहाराचे समुद्राकडील दार होते आणि बुऱ्हाणपूर हे त्याचे जमिनीवरचे कोठार.

या दोन्ही पाहुण्यांनी एक चमत्कारिक गोष्ट लिहून ठेवली आहे. रो याला शाहजाद्याचे आणि सरदारांचे वाडे सोडले तर येथे मातीची घरेच दिसली, आणि ताव्हर्निये याला गवताने शाकारलेली, बरीचशी पडझड झालेली वस्ती दिसली. म्हणजे ज्या शहरातून जगभर कापड जात होते, त्या शहरातील विणकर आणि रंगारी मातीच्या भिंतींआड राहत होते. दगड होता तो राज्यकर्त्यांच्या, संतांच्या आणि मृतांच्या वाट्याला. ही विषमता विसरून बुऱ्हाणपूरच्या वास्तूंचे नुसते गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपण ज्याला वारसा म्हणतो तो शहराचा एक भाग आहे, शहराची संपूर्ण साक्ष तो देत नाही.

आता १६८१ च्या छाप्याकडे वळू. संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर लगेचच, जानेवारीअखेरीस, मराठी फौजा अचानक बुऱ्हाणपूरवर आल्या. मुख्य शहराचे दरवाजे बंद झाले. हल्ला पडला तो तटाबाहेरच्या पुऱ्यांवर आणि त्यांतही सराफ व व्यापारी यांच्या बहादूरपुऱ्यावर. तीन दिवस ही पुरे लुटली गेली. स्वराज्याच्या दृष्टीने या कृतीमागे स्पष्ट राजकीय आणि आर्थिक तर्क होता. ज्या तळावरून दख्खनवर स्वाऱ्या होत, त्या तळाचा पैसा आणि प्रतिष्ठा यांवर तो घाव होता. तो किती वर्मी लागला हे बादशहाच्या हालचालींवरून दिसते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला. तो पुन्हा उत्तरेला गेलाच नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला. एका अर्थाने मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाचा दीर्घ उत्तरार्ध बुऱ्हाणपुराहून सुरू झाला, असे म्हणता येईल.

मराठी मनाने या घटनेचा अभिमान बाळगणे स्वाभाविक आहे आणि तो काढून घेण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न वाक्य पुरे करण्याचा आहे. याच प्रसंगाचा खाफीखानाने लिहिलेला वृत्तांत मराठी अभ्यासकांना परिचित आहे. तो मराठ्यांविषयी कडवट आहे आणि नंतरच्या काळात लिहिलेला आहे, ही त्याची मर्यादा आहे. तरी त्यात शहराचा आवाज आहे. संकट दारात येईपर्यंत कुणाला सुगावा नव्हता, लोकांना काही हलवता आले नाही आणि त्यानंतर गावच्या प्रतिष्ठितांनी बादशहाला अर्ज धाडला की आमच्या जीविताचे व वित्ताचे रक्षण होणार नसेल तर आम्ही शुक्रवारची सामुदायिक नमाज बंद करू, हे सारे त्याने नोंदवले आहे. हा अर्ज फार विचार करण्याजोगा आहे. शुक्रवारच्या खुतब्यात सत्ताधीशाचे नाव घेतले जाते, तेव्हा तो बंद करणे म्हणजे बादशहाशी असलेला करार मोडण्याची धमकी देणे होय. लुटले गेलेले नागरिक लुटणाऱ्याला उद्देशून काहीच बोलत नाहीत, ते जाब विचारतात तो आपल्या रक्षणकर्त्याला. आणि जाब विचारायचे त्यांच्याजवळ असलेले साधन म्हणजे शहराच्या मध्यभागी उभी असलेली एक वास्तू. जामा मशीद त्या क्षणी नागरिकांची वाणी झाली होती.

चित्रपटातील बुऱ्हाणपुरात ही वाणी ऐकू येत नाही. तेथील शहर मुख्यतः एक रणांगण आहे. भव्य, बंदिस्त, नायकाच्या पराक्रमासाठी उभारलेले, ज्यात तो सिंहाशीही झुंजतो. चित्रपट हा इतिहासग्रंथ नव्हे आणि वीररसाला अतिशयोक्ती वर्ज्य नाही, हे मान्य करूनही एक आक्षेप उरतो. पेठ आणि पुरा यांच्या जागी किल्ला आणि खजिना आला की प्रसंगाचे नैतिक ओझे हलके होते. पुऱ्यात माणसे राहतात, खजिन्यात केवळ सोने असते. प्रेक्षक सोने घेऊन घरी जातो. मार्च महिन्यातल्या त्या रात्री असीरगडाच्या शेतात तो त्याच सोन्याच्या शोधात आला होता. कलाकृतीवर या खोदकामाची जबाबदारी टाकणे अन्यायाचे ठरेल. पण शहराला खजिना म्हणून पाहण्याची सवय तिने मोडली नाही, उलट दृढ केली, एवढे तरी म्हटले पाहिजे.

मग जे उरले ते काय आहे? जामा मशिदीपासूनच सुरुवात करू. फारुकी राजा आदिलशाह, ज्याला इतिहास राजा अलीखान म्हणूनही ओळखतो, त्याच्या कारकिर्दीत ही मशीद उभी राहिली. दर्शनी बाजूस पंधरा कमानी, दोन्ही टोकांना उंच मिनार आणि वर घुमट नाही. घुमट नसल्यामुळे पाहणाऱ्याची नजर वर खेचली जात नाही, कमानींच्या रांगेवरून ती आडवी सरकत जाते. ज्या शहराने आपली उंची आकाशात शोधण्याऐवजी आपला पसारा रस्त्यांवर शोधला, त्याला ही आडवी वास्तू शोभून दिसते.

परंतु या मशिदीचे खरे वैशिष्ट्य तिच्या भिंतींवरील लेखांत आहे. एक लेख अरबीत आहे. त्याच इमारतीत दुसरा लेख संस्कृतात, नागरी लिपीत कोरलेला आहे. सृष्टीच्या कर्त्याला वंदन करून तो सुरू होतो, फारुकी राजांची वंशावळ सांगतो आणि बांधकामाचा काळ विक्रम संवत १६४६, शके १५११ असा, तिथी-नक्षत्रासह, पंचांगाच्या परिभाषेत नोंदवतो. म्हणजे इ. स. १५९० चा आरंभ. असीरगडावरील मशिदीतही याच राजाचा संस्कृत लेख आहे. तेव्हा हा अपघात नव्हता, हे ठरवून केलेले होते. मशिदीत संस्कृत कोणासाठी लिहिले असेल, याचा विचार करू लागले की राजाची प्रजा डोळ्यांपुढे उभी राहते. व्यापारी, हिशेबनीस, ज्योतिषी, कारागीर, ज्यांच्या व्यवहाराचा काळ शक आणि संवत यांत मोजला जाई. राजाने आपली वंशावळ त्यांच्या कालगणनेत नोंदवून ठेवली.

या लेखाला लगेचच युद्धाची झळ लागली. राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढताना १५९७ मध्ये गोदावरीकाठच्या लढाईत पडला. त्याचा मुलगा बहादूरखान अकबराला शरण गेला नाही. १६०० मध्ये अकबर बुऱ्हाणपुरात आला आणि दीर्घ वेढ्यानंतर जानेवारी १६०१ मध्ये असीरगड त्याच्या हाती पडला. दोनशे वर्षांचे फारुकी राज्य संपले. विजेत्याने मशिदीचे काय केले? तिच्यावर आपला लेख कोरविला. मीर मुहम्मद मासूम या कवी-सुलेखकाच्या हातचा फारसी लेख, त्यात बादशहाच्या विजयाची नोंद. आधीच्या राजाची वंशावळ त्याने पुसली नाही. शेजारी आपली ओळ लिहिली.

येथे एक सावधगिरी हवी. या उदाहरणावरून विजेते उदार होते असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. बहादूरखानाचे आयुष्य पुढे कैदेतच गेले. वेढ्यात माणसे मेली. लेख न पुसण्यामागे औदार्यापेक्षा आत्मविश्वास अधिक असावा. आधीचे नाव दिसत राहिल्याने जिंकणाऱ्याचे मोठेपण वाढतेच. तरीही त्या निर्णयाचा परिणाम आपल्यापुढे आहे. एकाच वास्तूत तीन भाषा, दोन राजवंश आणि एक पराभव एकत्र वाचता येतो. मोहरांच्या हंड्यात हे सापडणार नाही.

शहराचा तट असाच वाचता येतो. आज ज्या तटाचे अवशेष आणि दरवाजे दिसतात तो १७३१ चा, निजाम आसफजाहच्या काळातला. बहादूरपुऱ्याच्या लुटीनंतर बरोबर पन्नास वर्षांनी हा विटांचा तट, बुरूज आणि नऊ दरवाजे उभे राहिले. त्याने वेढलेले क्षेत्र जेमतेम सव्वा चौरस मैल होते. एके काळी याहून कितीतरी दूरवर पुरे पसरलेले असताना हा लहान परीघ का आखला गेला? उत्तर त्या विटांतच आहे. तोवर वस्ती ओसरली होती आणि उरलेल्या शहराला स्वतःचे रक्षण करायचे होते. मराठ्यांच्या हालचालींचा धाक किती होता याचे सर्वांत प्रामाणिक स्मारक कोणत्याही पोवाड्यापेक्षा हा तट आहे, कारण तो घाबरलेल्यांनी बांधला आहे. गंमत अशी की पुढे हे शहर मराठ्यांकडेच आले. १७६० मध्ये उदगीरच्या पराभवानंतर निजामाने ते पेशव्यांना दिले, १७७८ मध्ये ते शिंद्यांकडे गेले. १८०३ मध्ये इंग्रज फौजांनी बुऱ्हाणपूर आणि असीरगड घेतले, लगोलग शिंद्यांना परत केले आणि १८१९ मध्ये असीरगड पुन्हा वेढा घालून जिंकला. म्हणजे मराठ्यांनी येथे तीन दिवस लूट केली हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांनी येथे कित्येक दशके राज्य केले हे फारसे कुणाच्या लक्षात नाही. त्या दशकांत जामा मशीद उभी होती आणि तिच्यावरचे तिन्ही लेखही. ही आपल्या अभिमानात जमा करण्याजोगी गोष्ट आहे, पण तिच्यात थरार नसल्यामुळे ती सांगितली जात नाही.

युद्ध हे वास्तूंचे शत्रू असते, हे विधान बुऱ्हाणपूरने थोडे गुंतागुंतीचे केले आहे. येथल्या कितीतरी वास्तू युद्धामुळेच जन्मल्या. मोगलांचा दख्खनचा तळ येथे होता म्हणून सुभेदार, सेनापती, शाहजादे येथे राहिले आणि मेले. अब्दुर्रहीम खानखानान, हिंदी वाचकांचा कवी रहीम, येथे सेनापती म्हणून होता. मलिक अंबरशी लढलेला त्याचा मुलगा शाहनवाजखान याची कबर उतावली नदीकाठी आहे. पुरंदरच्या तहामुळे प्रत्येक मराठी शाळकरी मुलाला माहीत असलेला मिर्झाराजा जयसिंग १६६७ मध्ये येथेच वारला. तापीकाठची त्याची छत्री किती मराठी पर्यटक शोधत जातात? ज्याच्याशी झालेला तह आपण पाठ करतो, त्याच्या अखेरीचे ठिकाण आपल्याला परके वाटते.

याच तळाच्या गरजेतून या शहरातील सर्वांत बुद्धिमान वास्तू निर्माण झाली. तिला वास्तू म्हणावे की नाही असा प्रश्न पडतो, कारण ती जमिनीखाली आहे. १६१५ च्या सुमारास, रहीमच्या काळात, इराणातील कनातींच्या धर्तीवर कुंडी भंडारा बांधला गेला. सातपुड्यावर पडलेला पाऊस झिरपत तापीच्या दिशेने उतरतो. त्या झिरपणाऱ्या पाण्याला वाटेतच भूमिगत बोगद्यात अडवायचे आणि केवळ उताराच्या बळावर, कोणतेही यंत्र न वापरता, शहरात आणायचे, अशी ही योजना. ठरावीक अंतरावर वरून उभ्या विहिरी उतरवल्या आहेत. त्याच कुंड्या. त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. त्यांतून हवा खेळते आणि सफाईला उतरता येते. हे पाणी जाली करंजात गोळा होऊन मातीच्या नळांनी शहरभर जाई. उघड्या नदीवर अवलंबून असलेल्या छावणीला शत्रू केव्हाही तहानेने मारू शकतो, हे जाणणाऱ्या सैनिकी बुद्धीला जमिनीखालचे पाणी मोलाचे वाटले असणार. पण छावणी उठली, राज्ये बदलली आणि पाणी मात्र शेजारच्या वस्त्यांना मिळत राहिले. भीतीपोटी निर्माण झालेली गोष्ट पुढच्या पिढ्यांची सोय झाली. २०२४ मध्ये ‘खूनी भंडारा’ या लोकनावाने ही रचना युनेस्कोच्या जागतिक वारशासाठीच्या भारताच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली.

तिला आज धोका कशाचा आहे? कोणत्याही फौजेचा नाही. पाण्यातील चुन्याचे थर बोगद्याच्या भिंतींवर चढत जाऊन वाट अरुंद करतात. आणि सातपुड्याच्या पायथ्याशी केळीच्या बागांसाठी जसजशा खोल कूपनलिका गेल्या, तसतसे त्या बोगद्यांना पोसणारे पाणीच खाली सरकले. केळी हे या जिल्ह्याचे आणि शेजारच्या रावेर-जळगावचे अन्न आहे. त्याविरुद्ध बोलणे शहरी माणसाला सोपे, शेतकऱ्याला नाही. पण चारशे वर्षांच्या युद्धांनी जे मोडले नाही ते आपल्या शांततेतल्या हिशेबात मोडू शकते, याची नोंद कुणीतरी घेतली पाहिजे.

बुऱ्हाणपूरची ही स्थिती एकट्याची नाही. मराठी इतिहासातील खरेखुरे बंदर-शहर, वसई, तिच्याशी ताडून पाहावे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी दीर्घ आणि रक्तरंजित वेढ्यानंतर वसई पोर्तुगिजांकडून जिंकली. त्या विजयाची सर्वांत ठळक खूण कोठे आहे? नाशिकच्या पंचवटीत, नारोशंकराच्या मंदिरावर. तेथील प्रचंड घंटा वसईच्या विजयातून आली असे मानले जाते आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. ही घंटा इतकी प्रसिद्ध झाली की ‘नारोशंकराची घंटा’ हा वाक्प्रयोगच मराठीत रूढ झाला. जे नेले ते भाषेत शिरले. पण ज्या चर्चच्या मनोऱ्यांतून अशा घंटा उतरल्या ती चर्चे, सेंट जोसेफ, फ्रान्सिस्कनांचे सेंट अँथनी, डॉमिनिकनांचा मठ, छपरे हरवून समुद्राच्या वाऱ्यात उभी आहेत. त्यांच्यासाठी मराठीत एकही वाक्प्रचार नाही. बुऱ्हाणपुरात जे घडले तेच येथे घडले. लुटीला कथा मिळाली, वास्तूला मिळाली नाही.

वसईत मात्र एक फरक आहे आणि तो आपल्याला दिशा दाखवणारा आहे. तेथला ख्रिस्ती समाज मराठी बोलतो, मराठीत लिहितो. उस्मानाबाद येथे २०२० साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच भूमीतले. त्या समाजातील मराठी लेखकाला वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चे शत्रूचे अवशेष वाटत नाहीत, त्याच्या पूर्वजांचा तिथे बाप्तिस्मा झालेला असतो. त्याच वेळी चिमाजी आप्पांचा विजयही त्याच्या प्रदेशाच्या इतिहासाचा भाग असतो. हल्ला करणारे आणि हल्ला सोसणारे, दोन्हींचे वारस एकाच भाषेत लिहितात. मराठी भाषा कोणत्याही तटाच्या एकाच बाजूला राहत नाही, हे वसईने सिद्ध केले आहे. बुऱ्हाणपूरच्या मराठी माणसाला हे सांगण्याची गरज पडू नये. त्याच्या गल्लीत मराठी, उर्दू, निमाडी आणि गुजराती रोज एकमेकींना ओलांडत असतात.

कुणी म्हणेल, आजच्या संवेदनशीलतेचे माप सतराव्या शतकाला लावणे अनैतिहासिक आहे. आक्षेप रास्त आहे. युद्धात वास्तूंचे रक्षण करावे असा आंतरराष्ट्रीय करार १९५४ मध्ये हेग येथे झाला, तोही दुसऱ्या महायुद्धाच्या विध्वंसानंतर. १६८१ मधील कोणाही सेनानीकडून त्याची अपेक्षा करता येत नाही. आणि करार असूनही काय झाले ते आपण पाहिले आहे. १९९१ मध्ये दुब्रोव्हनिक या जुन्या बंदरावर तोफगोळे पडले. काळ्या समुद्रावरचे ओडेसा जानेवारी २०२३ मध्ये जागतिक वारसा म्हणून जाहीर झाले ते धोक्यातील वारशांच्या यादीसह, आणि त्याच वर्षी जुलैत तेथील प्रमुख कॅथेड्रलवर क्षेपणास्त्र आदळले. तेव्हा इतिहासातील योद्ध्यांना दोष देणे हा या लेखाचा विषय नाही. त्यांनी काय करावे हे आपण ठरवू शकत नाही. त्यांच्याविषयी काय लिहावे, काय पाहावे आणि मुलांना काय दाखवावे हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. येथे आपण काळाच्या आड लपू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. वास्तूंविषयीची ही आस्था लुटले गेलेल्या माणसांना विसरून दगडांना जपणारी तर नाही? ताव्हर्निये याने पाहिलेल्या गवती छपरांखालच्या विणकरांची कबर कुठे आहे? नाही, ती कुठेच नाही. पण म्हणूनच जे उरले ते नीट वाचणे आवश्यक ठरते. संस्कृत लेखातील पंचांग त्या प्रजेच्या जगाकडे बोट दाखवते, तटाचा लहान परीघ तिच्या घटलेल्या संख्येकडे, मातीचे नळ तिच्या तहानेकडे. माणसे नाहीशी होतात तेव्हा वास्तूंत त्यांच्या केवळ खाणाखुणा राहतात. त्याही आपण सोडल्या तर उरते ती सोन्याची आवई.

म्हणून मराठी लेखनाकडून एक अपेक्षा करावीशी वाटते. बुऱ्हाणपूरवर पुढे जी कादंबरी, जे नाटक, जी पटकथा लिहिली जाईल तिच्या लेखकाने एकदा तरी शनवारा दरवाजातून आत शिरून जामा मशिदीपर्यंत पायी जावे. पराक्रमाचे प्रकरण त्याने अवश्य लिहावे. पण त्याच पुस्तकात बहादूरपुऱ्यातला एखादा हिशेबनीस असावा, कुंडीत दोरावरून उतरणारा एखादा सफाईवाला असावा आणि शुक्रवार बंद करण्याचा तो अर्ज लिहिणारी, हात थरथरणारी एखादी व्यक्ती असावी. असे केल्याने मराठ्यांचा इतिहास उणा होणार नाही. त्या इतिहासाला त्याचे शहर परत मिळेल.

असीरगडाच्या शेतातले खड्डे बुजले. ज्यांनी ते खणले त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना हे शहर तसेच वाचायला शिकवले गेले होते. जामा मशिदीच्या भिंतीत कोरलेले शके १५११ मात्र आजही तेथेच आहे. ते आपल्या ओळखीच्या लिपीत आहे. देवघराशेजारी टांगलेल्या दिनदर्शिकेत आपण जो शक वाचतो, तोच तो. मराठी वाचकाला ते वाचायला कुणाच्या भाषांतराची गरज नाही, त्या भिंतीपुढे जाऊन उभे राहिले की पुरे.